गळ्यातलं शिसं

आमच्या घरात बोलण्याआधी हात उठायचा. बाप आईला मारायचा, आई आम्हाला, दादा मला, आणि मला कुणी सापडलं नाही तर मी कुत्र्याला. त्याचं कुणाला फारसं काही वाटायचं नाही. रात्रीची जेवणं व्हायची, भांडी घासली जायची, सकाळी जो तो आपापल्या कामाला लागायचा. बदलापूरला मांजर्लीत नदीच्या अंगाला आमचं घर. मागे भाताची खाचरं, पुढे पडवी, आणि पडवीत खुंटीला बापाचा पाग टांगलेला. पाग म्हणजे फेकायचं जाळं. त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात, त्या वजनानं जाळं पाण्यात झटकन खाली बसतं. बाप गेल्यावर पाग दादाकडे आला, आणि बापाचा हातही.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. हे लिहितानाही माझं डोकं थंड नाही. इतकी वर्षं गेली तरी त्या काळ्या दोऱ्याची आठवण झाली की तळपायाची आग मस्तकात जाते.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी अंबरनाथला औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला जात होते. वहिनीची आधीची दोन बाळं गेली होती, एक पोटातच, एक बारशाच्या आत. मग ही मुलगी झाली आणि जगली. मूल टिकावं म्हणून लोक काय काय करतात. कुणी धोंडू, दगडू असं नाव ठेवतात, कुणी मुलाचं नाक टोचतात, कुणी मूठभर तांदळाला शेजारणीला विकल्यासारखं करून परत घेतात. आमच्या भावकीत शिसं बांधायचे. बारशाच्या दिवशी घरच्या पागाची गोळी काळ्या दोऱ्यात ओवून मुलाच्या गळ्यात घालायची आणि मूल शाळेत जाईपर्यंत काढायची नाही. शिसं जड. ते जाळं तळाला धरून ठेवतं, तसंच पोराला या जगात धरून ठेवतं, असं आई सांगायची. तिच्या सासूनं तिला सांगितलेलं, सासूला तिच्या सासूनं.

बापाच्या पागाच्या गोळ्या झिजून गेल्या होत्या. दादाला आपल्या लेकीसाठी झिजकी गोळी नको होती. तो उल्हासनगरच्या भंगारातून गाडीच्या जुन्या बॅटरीचं शिसं घेऊन आला आणि स्वयंपाकघरातल्या चुलीवर, आमटीच्या पळीत, त्यानं ते वितळवलं. ओल्या वाळूत बोट खुपसून साचा केला. चांगली टपोरी, चकचकीत गोळी निघाली. उरलेल्या शिशाच्या त्यानं पागासाठी गोळ्या पाडल्या. पळी घासून आईनं परत आमटीत घातली.

मुलगी गोरीगोमटी नव्हती, पण जिभेची तिखट होती. वर्षाची व्हायच्या आधीच शब्द फुटले. मला ती 'आत्ती' म्हणायची. मी कारखान्यातून आले की पडवीतूनच ओरडायची, माझ्या पिशवीत हात घालायची, काही नाही मिळालं तर मलाच फटका मारायची. आमच्याच घराण्यातली, दुसरं काय. तिला सगळ्यांची नावं यायची. कुत्र्याला हाकलताना ती दादासारखी शिवीही हासडायची, आणि दादा मारायचं सोडून हसत बसायचा. त्या घरात इतकं हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

दात येऊ लागले तशी ती गोळी चघळायला लागली. लावणीच्या दिवसांत वहिनी तिला बांधावर बसवायची आणि पोरगी तासन्‌तास गोळी चोखत गप्प राहायची. शिसं मऊ. तिच्या दातांचे बारीक खड्डे त्या गोळीवर उमटले होते. वहिनी ते बायकांना कौतुकानं दाखवायची. सगळ्या हसायच्या, मीही हसले असेन.

मग ती बदलली. आधी जेवण गेलं. पोट धरून कळवळायची, शौचाला होत नसे, तोंड पांढरंफटक पडलं. नंतर ती चिडायला लागली, आणि साधी नाही. केस ओढायची, अंगावर धावून यायची, डोकं भिंतीवर आपटायची. एक दिवस तिनं दादाच्या दंडाला असा चावा घेतला की रक्त आलं. दादानं तिला एवढ्या जोरात थोबाडीत मारली की ती पडवीच्या खांबावर आदळली. दोन वर्षांची पोर. ती रडली नाही, नुसती बघत राहिली, आणि मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. त्याच सुमारास तिचे शब्द जायला लागले. आधी कुत्र्याच्या शिव्या गेल्या, मग नावं गेली. एका संध्याकाळी मी आले तर ती पडवीत बसून होती आणि तिनं मला हाक मारली नाही.

आणि त्यातच गोळी हरवली. गळ्यात नुसता दोरा. घरात रडारड उडाली. अंगण झाडलं, विहिरीच्या कडेचा गाळ चाळला, गोठ्यातलं शेण हातानं उपसलं. गोळी सापडली नाही. आई मट्कन खाली बसली आणि म्हणाली, पोरीला न्यायला आलेत, आधी तिचं दावं तोडलंय. दादानं त्याच दिवशी चूल पेटवली, पळी घेतली, आणि या वेळी दोन गोळ्या पाडल्या. दुप्पट वजन. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ना, तसं. फरक एवढाच की आमच्याकडे औषधच रोग होतं.

दोन गोळ्यांनी काही झालं नाही, तेव्हा भगत आणला. भर दुपारी, पडवीत. त्यानं घमेल्यात निखारे घेतले, वर मिरच्या टाकल्या आणि पोरीचं तोंड त्या धुरावर धरलं. ती गुदमरली, हातपाय झाडायला लागली, तसा तो निर्गुडीच्या ओल्या फोकानं तिच्या पाठीवर मारत विचारायला लागला, कोण आहेस तू, कुठून आलीस. वहिनी हात जोडून उभी. आई हात जोडून उभी. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, धुरानं आणि रागानं, दोन्ही. मी ते घमेलं उचललं आणि त्याच्या अंगावर फेकलं. धोतर पेटलं. तो बोंबलत अंगणात पळाला. दादानं मागून माझे केस धरले आणि मला उंबऱ्यावर आपटलं. समोरचा एक दात तिथेच तुटला, आजही त्या जागी खोटा आहे. तो मला लाथा मारत होता आणि मी त्याच्या पायाला चावत होते. आमच्या घरची रीतच ती.

ते सगळं थांबलं, कारण पोरगी ताठ झाली. डोळे वर गेले, जबडा आवळला, तोंडातून फेस आला आणि अंग झटके द्यायला लागलं. दादाचा पाय हवेतच राहिला. मी उठले, तिला उचललं आणि पळत सुटले. मागून वहिनी आली, अनवाणी. नाक्यावर दुधाचा टेम्पो उभा होता. ड्रायव्हरनं माझं रक्तानं भरलेलं तोंड बघितलं आणि काही न विचारता दार उघडलं.

उल्हासनगरला एक म्हातारे सिंधी डॉक्टर होते, आमच्या कारखान्यातल्या बायका मुलांना त्यांच्याकडे न्यायच्या. त्यांनी इंजेक्शन देऊन झटके थांबवले. पोट दाबून बघितलं आणि शेजारीच एक्स-रे काढायला पाठवलं. फिल्म आली ती त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरली. बारीक बरगड्या, कणा, आणि पोटात एक पांढरा गोल डाग, शर्टाच्या बटणाएवढा. बच्चीनं नाणं गिळलं का, त्यांनी विचारलं. वहिनी नाही म्हणाली. मी फिल्मकडे बघत होते. मग मी पोरीच्या गळ्याकडे बघितलं. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, पाग, गोळी, बॅटरी, पळी. त्यांनी पोरीचा खालचा ओठ ओढला आणि हिरडीच्या कडेची निळसर रेघ मला दाखवली. "सीसा ज़हर है, बेटी," ते म्हणाले. "पोटात पडलेला रोज थोडा थोडा विरघळतोय. आणि बाहेरचा ती अजून चोखतेय. ये पहले काटो."

त्यांनी कात्री घेतली आणि वहिनी त्यांच्यावर धावून गेली. म्हाताऱ्या माणसाच्या हाताला तिनं बोचकारलं, चष्मा खाली पडून फुटला. तिचं म्हणणं साधं होतं. आधीच्या दोन बाळांना शिसं बांधायला वेळ मिळाला नाही, ती गेली. हिला बांधलं, ही राहिली. मग विष कुणाला म्हणता? मी तिला जमिनीवर पाडलं. तिच्या छातीवर गुडघा रोवला, एका हातानं तिचं मनगट दाबलं आणि दुसऱ्या हातात डॉक्टरांकडून कात्री घेतली. पोरगी बाकावर माझ्या हाताच्या अंतरावर पडली होती. मी दोरा कापला. गोळ्या फरशीवर पडल्या, टणकन आवाजसुद्धा झाला नाही, शिसं मऊ असतं.

"मारलंस तिला," वहिनी खालून म्हणाली. "आता हिला कोन धरून ठेवील?"

मला तिची दया आली नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिचा गळा दाबावासा वाटत होता. दया पुढे आली, फार उशिरा.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पोरीच्या पोटातली गोळी काढली. नंतर रक्तातलं शिसं उतरावं म्हणून सुया दिल्या, दुखणाऱ्या, मांडीत, दोन-दोन जणांनी तिला धरून. ती किंचाळायची आणि वहिनी बाहेर कानांवर हात दाबून बसायची. गोळी आम्हाला दाखवली तेव्हा ती वाटाण्याएवढी उरली होती. बाकीची पोरीच्या अंगात गेली होती. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जीव वाचेल.

जीव वाचला. शब्द परत आले नाहीत, म्हणजे थोडे आले, तुटके, आणि ते बाहेर काढायला तिला फार कष्ट पडायचे. उजवा हात थरथरायचा. शाळेनं वर्षभर ठेवली आणि घरी पाठवली. दादानं पाग कोयत्यानं तोडला, गोळ्यांसकट नदीकाठी खोल पुरला, आणि त्यानंतर त्यानं घरात कुणावर हात उचलला नाही. मला ते बघवायचं नाही. तो भिंतीकडे तोंड करून बसायचा, पोरगी त्याला येऊन मारायची, आणि तो मारून घ्यायचा. वहिनी माझ्याशी बोलेना. तिच्या मते मी दोरा कापला म्हणून पोर अशी झाली. ती भावकीत सगळ्यांना तेच सांगायची आणि लोक माना डोलवायचे.

मला मात्र दुसरंच काही छळत होतं. आमच्या भावकीत खुळी पोरं कायमच होती. एक चुलत काका होता, मोठा होऊनही अंगणात बसून माती खायचा. एक चुलत बहीण होती, तिला फेफरं यायचं. लोक म्हणायचे, मरणाच्या दारातून ओढून आणलेलं पोर, थोडं इकडेतिकडे व्हायचंच, जगलं ना. मी एकेकाचं लहानपण आठवायला लागले आणि प्रत्येकाच्या गळ्यात मला काळा दोरा दिसायला लागला. मग मी डोक्यात राखच घालून घेतली.

रविवारी मी ती एक्स-रेची फिल्म पिशवीत घालून निघायची. मांजर्लीतली घरं, नदीच्या कडेनं, मग कुळगावातली. अंगणात उभी राहायची, फिल्म उन्हासमोर धरायची आणि म्हणायची, ही बघा आमची पोरगी, हे बघा तिच्या पोटात काय आहे. चुलीवर शिसं वितळवू नका, त्याचा धूर पोरांच्या नाकात जातो. ती पळी जेवणात घालू नका. जाळं विणून झालं की हात साबणानं धुवा, मग पोराला घ्या. आणि गळ्यात बांधू नका, कुठेही बांधू नका. मी प्रेमानं बोलायची नाही, मला येत नाही ते. ज्या बाईच्या पोराच्या गळ्यात गोळी दिसेल तिच्यावर मी ओरडायची.

त्यांनीही मला सोडलं नाही. एक म्हातारी माझ्या तोंडावर थुंकली, वांझोटी मेली, दुसऱ्यांच्या पोरांवर जळते म्हणून. एका घरानं कुत्रं अंगावर सोडलं, पोटरीला अजून वण आहे. एका चुलत भावानं माझ्या हातातली फिल्म हिसकावली आणि दोन तुकडे केले. मी त्याच्या कानफटात दिली, त्यानं मला शेणाच्या खड्ड्यात ढकललं. घरी येऊन मी अंघोळ केली, फिल्म चिकटपट्टीनं जोडली, आणि पुढच्या रविवारी परत त्याच्याच घरी गेले. दवाखान्यात जाऊन मी विचारलं, शिशावर काही छापील कागद आहे का वाटायला. पोलिओचा होता, हिवतापाचा होता, हा नव्हता. बालवाडीच्या बाईंनी मात्र मला आया जमवून दिल्या. तिथे काही जणींनी ऐकलं. एका आईनं तिथल्या तिथे पोराचा दोरा कापून माझ्या हातात दिला, तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. जिंकल्यासारखं एवढंच, बाकी मारच जास्त.

या सगळ्या फिरण्यात पोरगी माझ्याबरोबर असायची. वहिनी नको म्हणायची, पण पोरीला कोण अडवणार, ती चावायची. ती माझ्या पदराला धरून चालायची, मी बोलत असताना त्या फिल्मकडे बघत उभी राहायची. तिला काय कळतं कुणास ठाऊक, असं मी म्हणायची.

मग भावकीतल्याच एका घरी कुळगावात बारसं होतं. नव्वद सालही उलटून गेलं होतं, पोरगी माझ्या खांद्याला लागायला आली होती. त्या घरच्या सुनेचं पहिलं मूल गेलं होतं. मी आदल्या आठवड्यात तिच्याकडे फिल्म घेऊन गेले होते आणि तिच्या सासूनं मला हाकललं होतं. बारशाला मला बोलावलं ते वहिनीच्या भिडेनं, आणि दारातच बजावलं की आज अपशकुनी तोंड उघडायचं नाही. वहिनी आत बायकांत बसली, मी पोरीला घेऊन अंगणात बायकांच्या मागे बसले. आत पाळणा सजवला होता. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं, आत्यानं कानात कुर्र केलं, घुगऱ्या वाटल्या. आणि मग सासूनं काळा दोरा काढला. नवी गोळी, चकचकीत. मी दात आवळले, खरे आणि खोटे.

दोरा बांधून झाला आणि सगळ्या गाणं म्हणायला लागल्या. तेवढ्यात आमची पोरगी उठली. ती सरळ पाळण्यापाशी गेली, वाकली आणि तिनं दोऱ्याला हिसडा दिला. दोरा तुटला, बाळ किंचाळलं.

सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. कुणी केस धरले, कुणी पाठीत गुद्दे घातले. सासूनं हाताला लागलं ते लाटणं घेतलं आणि तिच्या मनगटावर मारायला लागली, मूठ उघड म्हणून. मी बायका बाजूला सारत, कोपरं मारत आत घुसत होते. पोरगी सगळ्यांना चावणारी, बोचकारणारी, पण त्या दिवशी तिनं कुणालाही उलट मारलं नाही. तिनं थरथरणाऱ्या उजव्या हाताची मूठ छातीशी धरली होती, डाव्या हातानं ती झाकली होती, आणि मार खात होती.

माझ्या आधी वहिनी पोचली. ती पोरीच्या अंगावर आडवी पडली. लाटण्याचे पुढचे फटके तिच्या पाठीत बसले. मग हळूहळू थांबलं सगळं, बाळाचं रडणं तेवढं राहिलं. आणि त्यात पोरगी बोलली, एकेक शब्द ओढून काढत, मी अंगणाअंगणात ओरडायची तेच.

"बाळाला... नाय. गळ्यात नाय."

वहिनी उठून बसली. तिचं कपाळ फुटलं होतं, कुंकू आणि रक्त एक झालं होतं. ती सासूकडे बघत नव्हती, पाळण्यामागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या सुनेकडे बघत होती.

"माझी बघ," ती म्हणाली. "नीट बघ हिच्याकडं. ही लई हुशार होती."

इतक्या वर्षांत ते तिनं कधी कबूल केलं नव्हतं, माझ्यापाशी नाही, दादापाशी नाही. तिचा आवाज चढलेला नव्हता. त्या सुनेनं पोरीकडे बघितलं, तिच्या सुजलेल्या मनगटाकडे, लाळ आलेल्या तोंडाकडे, आणि मग पुढे येऊन बाळाला पाळण्यातून उचललं. मानेला चिकटून राहिलेला दोऱ्याचा तुकडा तिनं स्वतःच्या हातानं काढला. सासू काहीतरी बोलायला लागली, तशी ती बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिनं कडी लावून घेतली.

आम्ही तिघी मागच्या विहिरीवर गेलो. पोरगी मूठ उघडेना. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि माझा हात पुढे केला. बऱ्याच वेळानं तिनं एकेक बोट सोडलं आणि गोळी माझ्या हातात दिली. मी ती चिंधीत बांधली. मग वहिनीनं बादली ओढली, कुणाकडून तरी साबण मागून आणला, आणि ती वरून पाणी घालत राहिली, मी पोरीचे हात चोळून चोळून धूत राहिले. मधेच वहिनीनं मला विचारलं, एवढ्यानं जातं ना गं सगळं. हाताचं जातं, मी म्हणाले. तिनं मान हलवली आणि आणखी पाणी घातलं.